घटपर्णीसाठी घरातली आर्द्रता: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

घरात तीन घटपर्णी आहेत आणि तिघींचं दुखणं एकच: पानं येतात, पण पानांच्या टोकांना किडे पकडणारे घट धरत नाहीत. हे नेमकं कशामुळे होतंय ते शोधायचं आणि दुरुस्त करायचं, एवढंच या प्रकल्पाचं काम. जे मोजेन ते इथे लिहीत जाईन.

पहिली व्हेंट्राटा, म्हणजे अलाटा आणि व्हेंट्रिकोसा या फिलिपिन्समधल्या दोन जातींचा संकर. घरात वाढवायला सगळ्यांत सोशिक म्हणून तिची ख्याती आहे. दुसरी खासियाना, मेघालयातल्या खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांची. ती साइटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे जंगलातून काढलेल्या रोपांचा व्यापार बंद आहे. माझं रोप रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेलं आहे. तिसरी छोटी अँप्युलारिया, बोर्निओ-सुमात्रापासून न्यू गिनीपर्यंतच्या सखल, सावलीतल्या, कायम दमट जंगलातली. तिच्या घटाचं झाकण अरुंद असतं आणि मागे वळलेलं राहतं, त्यामुळे वरून पडणारा पालापाचोळाही ती पचवते.

आज भिंग घेऊन व्हेंट्राटाचं सगळ्यांत नवं पान पाहिलं. मधली शीर पानाच्या टोकातून पुढे निघून तिचा तणावा झालाय, टोक खाली झुकून पुन्हा वर वळलंय. त्या टोकावर तीन-चार मिलिमीटरची कळी आहे, तांबूस लवेनं झाकलेली. इथवर सगळं ठीक. पण त्याआधीच्या पानावरची कळी पाहिली तर लव कळीला चिकटून बसलीय, रंग करडा-तपकिरी, आणि चिमटीत धरताच टोकाचा भुगा झाला. तणावा मात्र हिरवा आणि लवचिक. म्हणजे रोप मेलेलं नाही, आजारीही नाही. त्यानं घट बनवायचा विचार केला आणि सोडून दिला.

१५ जानेवारी

मीटर तपासल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. माझ्याकडचे दोन्ही हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचे मीटर) शेजारी शेजारी ठेवले तर त्यांच्यात सात टक्क्यांचा फरक दिसतो.

तपासायची पद्धत साधी आहे. बाटलीच्या बुचात साधं मीठ घ्यायचं आणि त्यावर थेंब थेंब पाणी टाकायचं. मीठ नुसतं भिजलं पाहिजे, विरघळून जाता कामा नये. ते बूच आणि मीटर एका हवाबंद डब्यात एकमेकांना न टेकता ठेवायचे आणि डबा रात्रभर एकाच तापमानाला राहू द्यायचा. मिठाच्या संपृक्त द्रावणावरच्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, आणि घरातल्या नेहमीच्या तापमानांत हा आकडा फारसा हलत नाही. म्हणून ही कसोटी भरवशाची.

सकाळी एकानं ७१ दाखवले, दुसऱ्यानं ७८. पहिल्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावून ‘+४’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘−३’. इथून पुढचे सगळे आकडे ही दुरुस्ती धरून.

आणखी एक: मीटरवर दिव्याचा थेट उजेड पडला तर तो स्वतःच तापतो आणि हवेपेक्षा कमी आर्द्रता दाखवतो. दोन्ही मीटर पानांच्या उंचीवर, पण सावलीत टांगले आहेत.

२० जानेवारी

दिवसरात्रीच्या नोंदी जमा झाल्या. चित्र रोज साधारण हेच:

सकाळी २२ अंश, ५० टक्के.
दुपारी, एलईडीखाली, पानांपाशी २९ अंश, ३३ ते ३४ टक्के.
पहाटे १८ अंश, ६३-६४ टक्के.

नुसते टक्के पाहिले तर दुपारी खोली कोरडी पडते आणि पहाटे ओली होते असं वाटेल. प्रत्यक्षात हवेतलं पाणी दिवसभर जवळजवळ तेवढंच आहे, एका घनमीटरमागे साडेनऊ-पावणेदहा ग्रॅम. बदलतंय ते तापमान. २२ अंशांची हवा घनमीटरमागे जास्तीत जास्त १९.४ ग्रॅम बाष्प धरू शकते, २९ अंशांची २८.८ ग्रॅम. हवेची पाणी धरायची ऐपत वाढली आणि पाणी होतं तेवढंच राहिलं, की टक्के घसरतात.

म्हणून मी टक्क्यांच्या जोडीला आता व्हीपीडी लिहिणार आहे: हवा पूर्ण भरली असती तर बाष्पाचा जो दाब झाला असता, त्यातून प्रत्यक्षातला दाब वजा करायचा. उरतो तो हवेनं पानावर लावलेला ओढा. वाळत घातलेला कपडा किती लवकर सुकेल हे जे ठरवतं, तेच हे. सकाळी हा ओढा १.३ किलोपास्कल, दुपारी २.७, पहाटे ०.७. म्हणजे दुपारी माझ्या रोपांच्या अंगातून पहाटेच्या जवळजवळ चौपट जोरानं पाणी ओढलं जातंय.

‘घटपर्णीला ७० टक्के आर्द्रता हवी’ हे वाक्य मी किती ठिकाणी वाचलंय. २२ अंशांवर ७० टक्के म्हणजे ०.८ किलोपास्कल. ३२ अंशांवर तेच ७० टक्के म्हणजे १.४. रोपासाठी हे दोन वेगळे दिवस आहेत. तापमान न सांगता आर्द्रतेचा आकडा देणं हे निम्मंच सांगणं आहे, आणि नवख्या माणसाची फरफट इथूनच सुरू होते.

कळी का सुकते तेही इथे जुळतं. घट फुगतो तो पेशींमधल्या पाण्याच्या ताणानं. ओढा फार वाढला की रोप पर्णरंध्रं मिटून घेतं, पाणी जपून वापरतं, आणि सगळ्यांत लांबच्या टोकाला, तणाव्याच्या शेवटी बसलेल्या त्या कोवळ्या कळीला फुगण्याइतका ताण मिळत नाही.

२८ जानेवारी

दोन नेहमीचे उपाय मोजून पाहिले.

फवारणी: पानांपाशी आर्द्रता लगेच सत्तरीपार गेली आणि पाव तासाच्या आत मूळ पदावर आली. दिवसभर दर पंधरा मिनिटांनी कुणी फवारत बसणार नाही. पानावरची धूळ धुवायला फवारणी चांगली, तेवढंच.

खड्यांचा ट्रे, म्हणजे पाण्यात खडे आणि खड्यांवर कुंडी: ट्रेच्या अगदी वर दोन-तीन टक्के वाढ, पानांच्या उंचीवर जवळजवळ शून्य. उघड्या खोलीत बाष्प वर यायच्या आतच पसरून जातं. ट्रे काढून टाकला. त्यातलं पाणी कुंडीच्या तळाला लागलं तर मुळं कुजायची भीती वेगळीच.

३ फेब्रुवारी

आर्द्रतेला दोष देण्याआधी बाकीची कारणं बाजूला काढायला हवीत. घट न धरण्यामागे उजेडाची कमतरता हे कारण निदान तितकंच मोठं आहे. अंधारात वाढलेली घटपर्णी मोठी, गडद, लोंबती पानं काढते आणि घटावर खर्च करत नाही. घट ही तिची चैन आहे: प्रकाशाचं उत्पन्न पुरेसं असेल तरच.

व्हेंट्राटा कपाटाबाहेरच ठेवायची ठरवली. तिला जास्त तीव्र दिवा लावला, थोडा दूर, रोज १३ तास. खोलीची आर्द्रता आहे तशी. म्हणजे उजेडाचा परिणाम वेगळा दिसेल. बाकी दोघींसाठी बंदिस्त जागा बनवायची.

मुळांकडेही पाहून घेतलं. मिश्रण लांब धाग्याचं स्फॅग्नम (एक प्रकारचं मॉस) आणि पर्लाइट (हलके, सच्छिद्र खडे), निम्मं-निम्मं. ओलं आहे, चिंब नाही, बोटानं दाबल्यावर पाणी निथळत नाही. पाणी ऊर्ध्वपातित किंवा पावसाचं, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ५० पीपीएमच्या खाली. ही झाडं क्षार नसलेल्या निकृष्ट जमिनीत वाढलेली आहेत. नळाच्या पाण्यातले क्षार कुंडीत साठत गेले की मुळं जळतात, आणि जळालेल्या मुळांच्या रोपाभोवती कितीही धुकं सोडलं तरी पानापर्यंत पाणी चढत नाही.

१० फेब्रुवारी

पूर्ण खोली दमट करायची की एक कपाट? कागदावर हिशेब केला.

लक्ष्य धरलं २६ अंश आणि ७५ टक्के, म्हणजे घनमीटरमागे सुमारे १८.३ ग्रॅम बाष्प. हवेत आहे ९.७. तूट ८.६ ग्रॅम.

खोली ३ बाय ४ मीटर, उंची ३ मीटर, म्हणजे ३६ घनमीटर. एकदा भरायला ३१० ग्रॅम पाणी. पण खोलीतली हवा सारखी बदलते. तासातून एकदा बदलते असं धरलं तर दिवसाला सात लिटरांहून जास्त पाणी हवेत सोडावं लागेल, आणि ते भिंतींत, पुस्तकांत, कपड्यांत मुरून बुरशी आणेल.

९० बाय ४५ बाय ६० सेंटिमीटरचं काचेचं कपाट: पाव घनमीटरही नाही. भरायला लागतं जेमतेम २ ग्रॅम पाणी, अर्ध्या चमच्याहूनही कमी!

यावरून कळतं की बंद जागेत आर्द्रता निर्माण करणं हे काम फार लहान आहे. खरं काम ती किती आणि केव्हा निसटू द्यायची ते ठरवण्याचं.

१६ फेब्रुवारी

कपाट उभं राहिलं. जुनी मत्स्यपेटी, वर दोन तुकड्यांचं अॅक्रिलिकचं झाकण. तुकडे एकमेकांवर सरकतात, त्यामुळे फट हवी तेवढी ठेवता येते. तळाला प्लॅस्टिकची जाळी उंचावर बसवलीय, खाली दोन सेंटिमीटर पाणी. कुंड्या जाळीवर, पाण्याला न टेकता. उघड्या खोलीत कुचकामी ठरलेला पाण्याचा ट्रे इथे मात्र खरोखर काम करतो, कारण बाष्पाला पळायला वाट नाही.

दिवा झाकणाच्या बाहेर, वर टांगलाय. एलईडी आत लावला तर त्याची उष्णता आतच कोंडते आणि टक्के पुन्हा घसरतात.

लंडनचे डॉक्टर नथॅनियल वॉर्ड यांनी १८२९च्या सुमारास पतंगाचा कोष ठेवलेल्या बंद बाटलीत नेचा उगवलेला पाहिला आणि त्यातून काचेची बंद पेटी घडली. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडं जहाजानं ऑस्ट्रेलियाला जिवंत पोचली. पूर्वेकडची नाजूक झाडं युरोपात जिवंत पोचू लागली ती या पेट्यांमुळे. काम करताना या माणसाची आठवण झाली. माझं कपाट त्याच कल्पनेवर उभं आहे, फक्त वॉर्ड यांच्याकडे पंखा नव्हता.

१७ फेब्रुवारी

झाकण पूर्ण बंद: ९६ टक्के. दोन बोटं फट: दिवसा ७८, रात्री ९०. तशीच ठेवली.

२५ फेब्रुवारी

खोलीची हवा अजून कोरडी झालीय, फट तीच असूनही दुपारी कपाटात ६० दिसले. नुसत्या पाण्याच्या ट्रेवर भागत नाही. छोटा अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर जोडला, सोबत आर्द्रता नियंत्रक.

दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. एक, हे यंत्र पाण्याची वाफ करत नाही, पाण्याचे बारीक कण हवेत उडवतं. पाण्यात जे क्षार असतील ते त्या कणांबरोबर उडून पानांवर पांढरी भुकटी होऊन बसतात. म्हणून यातही शुद्ध पाणीच. टाकी आठवड्याला रिकामी करून, घासून, वाळवून भरायची. साचलेल्या पाण्यात जे वाढतं तेही तितक्याच सहज हवेत उडतं.

दोन, नियंत्रकाच्या चालू-बंद होण्यात पुरेसं अंतर ठेवायचं. ६८ ला चालू, ७६ ला बंद. अंतर दोन-तीन टक्क्यांचंच ठेवलं तर यंत्र सारखं चालू-बंद होत राहतं. सेन्सर धुक्याच्या झोतात येऊ द्यायचा नाही, नाहीतर तो ओला होऊन तासभर ९९ दाखवत बसतो आणि तोवर रोपं कोरड्यात.

५ मार्च

खासियानाच्या दोन जुन्या पानांवर काळपट, कडा ओलसर दिसणारे ठिपके. एका वाळक्या घटावर करडी बुरशी. कपाटात हवा हलत नव्हती तिथेच, मागच्या कोपऱ्यात.

ठिपक्यांची पानं कापली, वाळका घट काढला. १२ व्होल्टचा संगणकात वापरतात तो पंखा आडवा बसवून ७ व्होल्टवर चालवला, चोवीस तास. झोत रोपांवर नाही, समोरच्या काचेवर, म्हणजे तो आपटून फिरतो. सगळ्यांत वरचं पान अगदी किंचित हलतं, एवढा वारा पुरे.

दमटपणा आणि कुंद हवा या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ही झाडं ज्या डोंगरांवर आणि जंगलांच्या कडेला वाढतात तिथे धुकं असतं तसा वाराही असतो. पानावर पाणी साचून तासन् तास हललं नाही की बुरशीचे बीजाणू रुजतात. आर्द्रता ८५ असली तरी हवा वाहती असेल तर पान दोन तासांत कोरडं होतं, आणि बुरशीला तेवढा वेळ पुरत नाही.

१४ मार्च

आजची नोंद मोठी होणार.

खासियानाला एक जुना, पण अजून तोंड शाबूत असलेला घट आहे. दुपारी त्याची कड बोटानं तपासली: कोरडी, किंचित खरखरीत, बोट कडेवरून गोल फिरवताना बारीक खाचा जाणवतात. दुपारी कपाटात ७० टक्के होते. रात्री दिवे बंद झाल्यावर, आर्द्रता ९० वर पोचल्यावर, विजेरी तिरकी धरून तीच कड पाहिली. सगळ्या कडेवर पाण्याचा अखंड, चकचकीत पातळ थर. थेंब नाहीत, थर. बोट टेकवलं तर ते सरळ आत घसरलं.

होल्गर बोन आणि वॉल्टर फेडर्ले यांनी २००४ मध्ये हे दाखवून दिलं: घटाची कड कोरडी असताना मुंग्या तिच्यावरून आरामात फिरतात. ती ओली झाली की त्यांचे पाय पाण्याच्या थरावर तरंगतात आणि त्या आत घसरतात. २००८ मध्ये उल्रिके बॉवर यांच्यासह याच संशोधकांनी पुढचं सांगितलं: कड ओली होते ती पावसानं, हवेतल्या बाष्पाचं दव धरल्यानं, आणि तिथे पाझरणाऱ्या मधानं. मध हवेतला ओलावा खेचून घेतो, त्यामुळे हवा पुरती भरलेली नसतानाही कड ओलावते.

आर्द्रतेबद्दल बोलताना आपण ती रोप जगवायला लागते एवढंच समजतो. इथे दिसतं की ती सापळ्याचाच भाग आहे. हवा ओली नसेल तर घट असूनही तो सापळा नाही, नुसतं मधाचं भांडं आहे.

मग कड कायम ओली ठेवावी का? बॉवर आणि सहकाऱ्यांनी रॅफलेसियाना जातीवर नेमकं हेच करून पाहिलं आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केलं. सतत ओल्या ठेवलेल्या घटांत मुंग्या उलट कमी सापडल्या. कारण टेहळणीची एकटी मुंगी लगेच घसरून पडली तर वारुळात बातमी पोचतच नाही. कड कोरडी असताना ती मध खाऊन परत जाते, साथीदारणींची रांग घेऊन येते, आणि तेवढ्यात कड ओली झाली की रांगच्या रांग आत.

हे वाचलं तेव्हापासून माझ्या डोक्यातलं लक्ष्यच बदललं. दिवसरात्र एकसारखे ८५ टक्के ठेवणं हे यशाचं माप नाही. या झाडाचं आयुष्य दिवसा कोरडं आणि रात्री ओलं होण्यावर रचलेलं आहे. कपाटानं ती लय द्यायला हवी.

नियंत्रक त्याप्रमाणे बदलला. दिवे चालू असताना ६५ ते ७२. दिवे बंद झाल्यावर ८५ ते ९२. रात्रीसाठी ह्युमिडिफायर फारसा लागतच नाही. २६ अंश आणि ७५ टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू २१ अंशांच्या आसपास असतो. काच त्याहून गार झाली की पाणी आपोआप काचेवर धरतं. पहाटे खोली १८ वर येते, म्हणजे कपाट जवळजवळ स्वतःहून भरून येतं. खासियानालाही रात्रीचा हा गारवा मानवतो. अँप्युलारिया सखल भागातली, तिला १८ म्हणजे थंडच, म्हणून तिच्या कुंडीखाली कमी वॉटचा उष्णता देणारा मॅट ठेवला. मॅटनं कुंडीजवळची हवा कोरडी होते हे लक्षात घेऊन कुंडीभोवती ओलं स्फॅग्नम रचलं.

२७ मार्च

व्हेंट्राटा, जी बाहेरच आहे, तिच्या ताज्या पानाची कळी सुकलेली नाही. आठ-नऊ मिलिमीटर झालीय, बाजूनं चपटी, आणि चक्क खालच्या बाजूला फुगलीय. खोलीची आर्द्रता तीच, ४५ ते ५५. बदलला तो फक्त उजेड आणि दिव्याची उंची. दिवा तीव्र आहे पण थोडा दूर असल्यामुळे पानाचं तापमान २५-२६ वरच राहतं, आणि ओढा १.८ च्या वर जात नाही.

या संकरापुरतं मला उत्तर मिळालं. व्हेंट्राटा असलेल्या कुणालाही मी कपाट घ्या असं सांगणार नाही. दिवा सुधारा, पानं तापू देऊ नका, मुळं ओली ठेवा.

३ एप्रिल

अँप्युलारियाच्या बुडाशी दोन घट एकदम धरताहेत, कुंडीतल्या मॉसवर टेकलेले. हिरव्यावर तांबडे शिंतोडे.

१२ एप्रिल

खासियानाला कपाटाबाहेर काढायची तयारी. ती इतकी मोठी होते की कपाटात कायम राहणं शक्यच नाही.

दमट हवेत वाढलेलं पान एकदम कोरड्या हवेत आणलं तर ते टिकत नाही. त्याची वरची मेणचट त्वचा पातळ असते, पर्णरंध्रं पटकन मिटायची सवय नसते. हे जुनं पान सुधारत नाही. नवं पान मात्र ज्या हवेत उघडतं त्या हवेला साजेसं घडतं. म्हणून घाई नको: दर आठवड्याला फट बोटभर वाढवायची आणि मीटरकडे कमी, सगळ्यांत नव्या तणाव्याच्या टोकाकडे जास्त पाहायचं. टोक फुगतंय तोवर पुढे जायचं. थांबलं तर फट आहे तिथेच ठेवून पुढच्या पानाची वाट पाहायची.

अँप्युलारियाला हा त्रास देणार नाही. ती कपाटातच राहील, म्हणून मध्ये अॅक्रिलिकचा पडदा घालून कपाटाचे दोन भाग केले.

जुने घट वरून सुकत येतात, त्याचा हवेशी संबंध असेलच असं नाही. घटाचं आयुष्य संपलं की तो झाकणाकडून वाळायला लागतो आणि खालचा हिरवा भाग अजून पचवत असतो. पूर्ण वाळल्यावरच कापायचा.

२९ एप्रिल

व्हेंट्राटाचा घट आज उघडला.

काल संध्याकाळी झाकण घट्ट बंद होतं, कडेशी त्याची शिवण स्पष्ट दिसत होती. आज सकाळी समोरच्या बाजूनं शिवण सुटली आणि झाकण मागच्या बिजागरीवर अर्धं उचललं गेलं. आत द्रव आधीपासूनच आहे, घटाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, स्वच्छ. घट बंद असतानाच रोप तो भरून ठेवतं. कड मात्र अजून आत दुमडलेली, अरुंद आणि फिकट हिरवी आहे. पुढच्या काही दिवसांत ती बाहेर वळत जाईल, रुंद होईल आणि तांबडी होईल.

नेमके हे काही दिवस सांभाळायचे असतात. उमलत असताना हवा एकदम कोरडी पडली तर कड अर्धवट वळते आणि कायमची तशीच, सुरकुतलेली राहते. नंतर आर्द्रता वाढवूनही ती सरळ होत नाही. दिवा तात्पुरता दहा सेंटिमीटर वर घेतला.

६ मे

कड पूर्ण वळली. पाच मिलिमीटर रुंद, तांबड्या-तपकिरी रेघांची, सगळीकडून सारखी. दिवा पुन्हा खाली.

१८ मे

खासियाना महिनाभराच्या सवयीनंतर आता पूर्ण बाहेर आहे. खोलीत दिवसा ५०-५५, पहाटे ६८-७०. बाहेर आल्यानंतरचं पहिलं पान आधीच्यापेक्षा आखूड, जाड, स्पर्शाला कडक. तणाव्याच्या टोकाची कळी एक सेंटिमीटरची झालीय आणि लव कोरडी न पडता मोकळी उभी आहे. कपाटातल्या घटांइतका हा मोठा होणार नाही असं आकारावरून वाटतं, पण धरलाय नक्की.

सध्याची बसलेली घडी, पुढच्या वेळी शोधावं लागू नये म्हणून:

अँप्युलारिया कपाटात: दिवसा २६ ते २८ अंश, ७० ते ७५ टक्के, रात्री कुंडीपाशी २२ च्या खाली नाही, ९० टक्के. पंखा सतत.

व्हेंट्राटा आणि खासियाना बाहेर: दिव्याखाली पानाचं तापमान २६ च्या आत, आर्द्रता ४५ च्या वर. म्हणजे दुपारी ओढा फार तर १.८.

मीटरची मिठाची तपासणी दर तीन महिन्यांनी, कारण दमट जागेत राहिलेले स्वस्त सेन्सर हळूहळू वर सरकतात. कपाटातला ‘+४’ वाला आज पुन्हा डब्यात ठेवला तर ७४ दाखवतोय, म्हणून पट्टी बदलून ‘+१’ केली. गेल्या काही आठवड्यांचे कपाटातले आकडे त्या बेतानं दोन-तीन टक्के कमी धरायचे.

कपाटाचा रिकामा झालेला भाग आता कलमांसाठी. व्हेंट्राटाचं खोड उंच आणि उघडं झालंय, शेंडा कापून दोन पेरांची कलमं लावणार आहे. मुळं नसलेल्या कलमाला पाणी वर चढवायची सोयच नसते, त्यामुळे इथे मात्र झाकण बंद, ९० च्या वर, लय वगैरे काही नाही, मुळं फुटेपर्यंत. पानं निम्मी कापायची म्हणजे पाणी उडायला जागा कमी. स्फॅग्नम आज रात्री भिजत घालते.